नकारघंटेला होकाराची शिकवणी

लिफ्ट मेकॅनिक जेवायला बसला आणि मुलीने नोकरीचा विषय पुन्हा काढला. लांबच्या एका बेटावर हवामान केंद्र होतं, तिथे तिची निवड झाली होती, आणि महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. ती कमावती, सज्ञान पोरगी. न विचारता गेली असती तरी कोणी अडवलं नसतं. पण तिला बापाचा होकार हवा होता. मेकॅनिकने घास गिळला आणि म्हणाला, "नाही."

"जाऊ द्या की हो तिला," बायको म्हणाली. ती नेहमीच मुलीच्या बाजूने असे.

"नाही म्हटलं ना."

यात नवल काही नव्हतं. कामावर त्याला सगळे नकारघंटा म्हणत. बंद लिफ्टपाशी पोचून पेटी उघडायच्या आधीच तो 'आज होणार नाही' म्हणायचा आणि मग ती दुरुस्त करायचा. स्वयंपाकघराला खिडकी पाडू या असं बायकोने म्हटलं होतं, तेव्हा मुलगी रांगत होती; भिंत अजून तशीच होती. अशा माणसाला लोक करारी म्हणतात. कसला करारी? विचार करायचा आळस आणि बदलाची भीती, या दोन्हींना मिशी चिकटवली की करारी पुरुष तयार होतो.

त्यात त्याचा रक्तदाब वाढला. डोक्याला काहीतरी नवं खाद्य द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाचनालयाच्या माळ्यावर एक निवृत्त बाई एस्पेरांतो नावाची, साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा शिकवायच्या, आणि फुकट शिकवायच्या, म्हणून तो तिथे गेला.

बाईंची तऱ्हा न्यारी होती. पहिला महिना फक्त सहमती शिकवायची, नकार दुसऱ्या महिन्यात. "भांडण जो तो आईच्या पोटातून शिकून येतो. त्यासाठी मी घसा कशाला झिजवू?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर्गात दुसरी कुठलीही भाषा बोलायला बंदी घातली. मेकॅनिकला हे मुळीच पटलं नाही. पण पटलं नाही हे त्या भाषेत कसं म्हणायचं ते त्याला येत नव्हतं.

म्हणून तो नुसता ऐकत बसला, आणि ऐकता ऐकता चक्रावला. त्या भाषेतही 'मी'ला 'मी'च म्हणत होते. 'मी कोन्सेन्तास', म्हणजे मी सहमत आहे. शेवट जरासा फिरवला, कोन्सेन्तिस, की काल सहमत होतो. कोन्सेन्तोस, की उद्या होईन. आणि मी असो, तू असो, साहेब असो की झाडूवाला असो, क्रियापद तेच, तसंच. कोणाला बघून ते वाकत नाही की कोणावर गुरकावत नाही. जन्मभर साहेबांच्या इमारतींत मागच्या दाराने शिरलेला तो माणूस हे ऐकून आ वासून बसला. असलं काही माणसांनी बसून ठरवलं, ठरवता आलं, हेच त्याला खरं वाटेना. घरी येताना तो गल्लीभर पुटपुटत होता. 'वी प्रावास', तुमचं बरोबर आहे. हे वाक्य त्याच्या तोंडून कुठल्याही भाषेत पहिल्यांदाच निघत होतं.

पुढच्या आठवड्यात वर्गावर एक पाहुणा आला. दुसऱ्या देशातला गवंडी, दोघांच्या सायकलवर मागे सासूला बसवून जग बघायला निघालेला. दोघंही एस्पेरांतो धबधब्यासारखी बोलत. बाईंचा घसा नेमका बसलेला, त्यामुळे गवंडी मेकॅनिकशी बोलत राहिला. मेकॅनिकला अक्षरही कळलं नाही. त्याने जे येत होतं ते सगळं वापरलं. सहमत आहे. पूर्ण सहमत आहे. तुमचं बरोबर आहे. अर्थात. मग गवंड्याने त्याला मिठी मारली, सासूने गालाचा मुका घेतला, आणि दोघं त्याच्यामागोमाग घरी आले.

मुलीची खोली सासूला गेली. मुलगी बाहेर सतरंजीवर आली. बायको कपाळावर आठ्या घालून पाहुण्यांचं करू लागली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाची मान खाली-वर हलते हे तिला ठाऊक नव्हतं.

सासूने दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या गंजक्या पुल्या, तुटकी बटणं आणि लिफ्टचा एक अख्खा दरवाजा दाखवून काहीतरी विचारलं. मेकॅनिक म्हणाला, "मी कोन्सेन्तास." संध्याकाळी कामावरून येतो तर गॅलरी लख्ख, आणि भंगारवाला कोपऱ्यावर वळत होता. त्याच्या मागे धावावं तर सासू टाळ्या वाजवत शेजारी उभी. 'का टाकलं' हे शब्द बाईंनी शिकवलेच नव्हते.

गवंड्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात फिरवून मोठं भाषण केलं. यजमान भिंतीची तारीफ ऐकतोय अशा थाटात ऐकत होता. "वी प्रावास," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भिंतीला खिडकी होती.

बायको शेजारून परतली आणि उंबऱ्यातच थांबली. ओट्यावर ऊन पडलं होतं. तिने त्या उन्हात हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

बोंब मारली ती सोसायटीच्या चेअरमननी. परवानगी कोणाची, बाहेरची भिंत कोणाच्या बापाची, असं जिन्यापासून ओरडत ते वर आले. मेकॅनिकला आता सवयच लागली होती. तुमचं बरोबर आहे, असं त्याने दोन्ही भाषांत सांगितलं. चेअरमन नकारघंटेशी भांडायच्या तयारीने आलेले. आता धरायला काहीच उरलं नाही. ते थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "गवंडी आणखी किती दिवस आहे?"

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी सगळे चहाला बसले होते. मुलगी बाईंकडून प्रश्न पाठ करून आली होती. तिने बापासमोर उभं राहून बेटाचं नाव घेतलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि एस्पेरांतोत विचारलं. या वेळी मेकॅनिकला शब्द न् शब्द कळला. गवंडी बडबडायचा थांबला. सासूने कप खाली ठेवला.

मेकॅनिकने कपातला चहा संपवला. मग म्हणाला, "असं नको. आपल्या भाषेत विचार."

मुलीचा चेहरा उतरला. आपल्या भाषेतलं उत्तर तिला माहीत होतं. "बाबा, मी जाऊ?"

"जा."

त्याचा त्यालाच विश्वास बसला नाही. त्याने आपल्या ओठांना बोट लावून पाहिलं. मुलीचे डोळे भरले, आणि ती आईच्या गळ्यात पडायला वळली.

"मुळीच नाही," आई म्हणाली.

मुलगी अर्ध्या वाटेत थांबली.

"आई, अगं तूच तर म्हणत होतीस, जाऊ द्या म्हणून."

"म्हणत होते. हे नाही म्हणणार याची खात्री होती, म्हणून म्हणत होते. एवढ्या लांब, समुद्रात? मी पाठवेन तुला?" तिने पदराने नाक पुसलं आणि नवऱ्यावर डोळे वटारले. "तुमच्या जिवावर मी इतकी वर्षं चांगली राहिले. आता तुम्हीच फिरलात तर मी कुणाकडे बघायचं?"

मुलगी तिथेच, पाय रोवून उभी राहिली.

आईने खुर्ची ओढली, नीट बसली आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "मला पण त्या भाषेत विचार. आपल्या भाषेत माझ्या तोंडून हो निघायचं नाही."

मुलीने विचारलं. आई नवऱ्याकडे झुकली, आणि काय म्हणायचं असतं ते त्याने तिच्या कानात सांगितलं. तिने ते म्हटलं. उच्चार पार चुकला.

मेकॅनिकने तो दुरुस्त केला नाही.