आबा शिळेवरून उठत नाहीत

एका जंगलात दोन खोरी होती. मध्ये एक बोडका डोंगर. अलीकडच्या खोऱ्यात तापोली, पलीकडच्या खोऱ्यात झळोली. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडायचा, म्हणजे पडायचा नाही. ढग यायचे, डोंगरावर टेकायचे, कोणत्या बाजूला उतरावे याचा थोडा विचार करायचे आणि निघून जायचे.

मुलांनो, नीट बसा. गोष्ट लहान आहे. मध्येच उठणाऱ्याला ती पुन्हा सांगितली जाणार नाही.

सूर्य दोन्ही गावांना एकच होता. वाराही एकच. सकाळी तो झळोलीवरून तापोलीत यायचा, संध्याकाळी तापोलीवरून झळोलीत जायचा. तरी तापोलीकर म्हणायचे, "आमचं ऊन सरळ. जे काय असेल ते डोक्यावर. झळोलीचं ऊन तिरकं, पाठीमागून येतं."

झळोलीकर म्हणायचे, "तापोलीला ऊन कुठलं? नुसता उजेड."

हे भांडण मिटवायला दोन्ही गावांत एकेक काळी शिळा होती. वैशाखात भर दुपारी गावातल्या एकाने तिच्यावर बसायचे आणि बाकीच्यांनी मोठ्याने आकडे मोजायचे. बसणारा जितक्या लवकर उठेल, तितके त्या गावचे ऊन जास्त. रीत सोपी होती. पूर्वजांनी घालून दिलेली होती, म्हणून तिच्यात कोणी डोके घातले नव्हते.

तापोलीच्या शिळेवर बसायचा मान आबा हुप्प्याचा. आबा म्हणजे तिथल्या वानरांच्या टोळीतला सर्वांत थोरला. मिशा पांढऱ्या, शेपटी ताठ, बोलणे तुटक. शाळेत तो कधी गेला नव्हता. एकदा शाळाच त्याच्याकडे आली होती. त्याने ती परत पाठवली.

एकोणीस उन्हाळे आबा शिळेवर बसत होता. पहिल्या वर्षी तो चाराला उठला. त्या वर्षी सगळ्या जंगलात तापोलीच तापलेली ठरली. पण आबा घरी आला तेव्हा मेहुणा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "चारालाच?"

तेवढा एक शब्द आबाला शिळेपेक्षा जास्त भाजला. पुढच्या वर्षी तो नवाला उठला. मग पंधराला. गेल्या साली साठाला. बसायच्या जागेला असे घट्टे पडले की मुंगी चावली तर दात मुंगीचा पडायचा.

गाव टाळ्या वाजवायचे. आपले गाव दरसाल झळोलीपेक्षा थंड ठरते आहे, हे टाळ्यांच्या आवाजात कोणाच्या लक्षात यायचे नाही. आबाच्या तर नाहीच.

त्या साली मात्र तापोलीचा डोह आटून डबके झाला. कासवाला बुडायला जागा उरली नाही. ते नुसते ओले बसून राहायचे. पिल्ले रोज चिखल चाटून झोपायची. तेवढ्यात राजाची दवंडी आली. राजाचे हत्ती एक तळे खोदून देणार होते. एकच, कारण पुढे त्यांना मिरवणुकीला जायचे होते. दोन खोऱ्यांपैकी ज्या खोऱ्यात ऊन जास्त, तळे तिथे. आणि ऊन मोजायला बगळेसाहेब येणार होते.

बगळेसाहेब पाणथळ भागातले. कोरडी जमीन त्यांनी फक्त नकाशात पाहिली होती. ते आधी झळोलीला गेले. तिथल्या शिळेवर एक ससा बसला. कोवळा जीव. तीन म्हणताच टुणकन उठला आणि उघडपणे म्हणाला, "भाजलं!"

साहेबांनी लिहून घेतले. तीन.

ही बातमी त्याच संध्याकाळी तापोलीत पोचली. आबाची बायको, जिला सगळे आजी म्हणत, ती त्याच्या समोर येऊन बसली.

"ऐकताय का? उद्या दोनाला उठा."

"दोनाला?"

"दोनाला. ससा तिनाला उठला. तुम्ही दोनाला उठलात की तळं आपलं."

"दोनाला मला कळणारसुद्धा नाही की मी बसलोय."

"कळलं नाही तरी उठा. तुमच्या बुडाची परीक्षा नाहीये ती. उन्हाची आहे."

आबाने कोपऱ्यात पडलेल्या पिल्लांकडे पाहिले. धाकट्याची जीभ बाहेर होती.

"बरं," तो म्हणाला.

"शब्द द्या."

"दिला. आता पुन्हा विचारू नकोस."

आणि मुलांनो, आबाने शब्द खरोखर मनापासून दिला. त्या संध्याकाळी त्याने अंगणातल्या धोंड्यावर बसून सरावही केला. एक, दोन, उठ. एक, दोन, उठ. एकोणीस वर्षे त्याने बसण्याचा सराव केला होता. उठण्याचा सराव अवघड गेला, पण जमला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खोरे शिळेभोवती जमले. झळोलीचा ससाही आला होता. दुसऱ्या गावचा एक साक्षीदार लागतो, अशी रीत होती. बगळेसाहेब वही घेऊन एका पायावर उभे राहिले. जमीन इतकी तापली होती की त्यांना दर क्षणाला पाय बदलावा लागत होता. पण पायाची नोंद करायचा रकाना वहीत नव्हता.

आबा चालत आला आणि शिळेवर बसला.

"एक!" गाव ओरडले.

आबाने दोन्ही हात शिळेवर टेकले. बूड जरा उचलले. आजीने डोळे मिटून घेतले. तळे तिच्या डोळ्यांपुढे भरत आले होते.

तेवढ्यात ससा पुढे झाला. चेष्टेने नव्हे. अगदी काळजीने म्हणाला, "आबा, जपून हं. तुमचं वय झालंय. भाजेल."

आबाने त्याच्याकडे पाहिले. बूड खाली टेकवले.

"दोन!"

"अहो!" आजी ओरडली.

"तीन!"

आबा समोर डोंगराकडे पाहत होता.

"चार!"

आता बघा त्याच्या मनात काय चालले होते. चार झाल्यावर तळे गेले, हे त्याला कळले. मग आता पाचाला उठून काय मिळणार? तळेही नाही आणि नावही नाही. त्यापेक्षा बसलेले काय वाईट? निदान एक तरी गोष्ट पुरी होईल. हा विचार त्याला फार समजूतदारपणाचा वाटला. हसू नका. असा समजूतदारपणा प्रत्येक घरात एकाकडे असतो. तुम्हाला गोष्ट सांगणाराही घरी काही वेगळा नाही.

तिसाला केस करपल्याचा वास आला. तो कसला वास, हे विचारायचे धाडस कोणी केले नाही. साठाला गेल्या सालचा आकडा मोडला आणि गावाने सवयीने टाळ्या वाजवल्या. एक्क्याऐंशीला आबा उठला. सावकाश. अंग झटकले आणि सशाला म्हणाला, "काय म्हणत होतास?"

"काही नाही, आबा," ससा म्हणाला.

बगळेसाहेबांनी उजवा पाय टेकला, चटकन उचलला, डावा टेकला आणि वही वाचली. "झळोली, तीन. तापोली, एक्क्याऐंशी. मागच्या एकोणीस वर्षांच्या नोंदी पाहता तापोलीचा थंडावा दरवर्षी वाढतोच आहे. गावाचं अभिनंदन."

हत्ती झळोलीला गेले.

आजी त्या दिवसापासून आबाशी बोलेना. आबाही चार दिवस पालथा झोपला. त्याने कारण सांगितले, की उताणे झोपून आभाळ काही चांगले दिसत नाही, म्हणून जमिनीकडे बघतोय.

पाचव्या दिवशी राजाकडून एक पाटी आली. ती गावाच्या तोंडाशी रोवण्यात आली. तिच्यावर लिहिले होते : तापोली, थंड हवेचे ठिकाण.

गाव पाटीभोवती जमले. कासव म्हणाले, "आबा, हे काय?"

आबाला वाचता येत नव्हते. पण पाटी सरकारी होती आणि चांगली रंगवलेली होती. "मान आहे," तो म्हणाला. "झळोलीला मिळाली का पाटी? नाही ना? मग."

पाटी लागली तसे पाहुणे आले. राजाचा मेहुणा उन्हाळा काढायला सहकुटुंब तापोलीत उतरला. बायको, सासू, सात बछडे. सगळ्यांच्या जिभा छातीपर्यंत लोंबत होत्या.

"गारवा कुठे आहे?" मेहुण्याने विचारले.

सगळ्यांनी आबाकडे पाहिले. खरे सांगायची ही शेवटची संधी होती. आबा घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर घोंगडी होती. काळी, जाड, कानांपर्यंत ओढलेली.

"हा काय," आबा म्हणाला. "बोचतोय नुसता. सकाळी यायला हवं होतं तुम्ही. दात वाजत होते आमचे."

मेहुण्याने घोंगडीकडे पाहिले. मग पाटीकडे पाहिले. पाटीवर राजाची मोहोर होती. राजाचा मेहुणा असून राजाची थंडी आपल्याला लागत नाही, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार?

"खरंच की," तो म्हणाला. "अंगावर काटा आला."

"मलापण आला," सासू म्हणाली आणि तिथेच आडवी झाली.

तिला शुद्धीवर आणायला पाणी आणले. मग शुद्धीत ठेवायला आणले. मग बछड्यांना तहान लागली. तिन्हीसांजेपर्यंत पाहुण्यांनी डबके पिऊन संपवले, तळाचा चिखल अंगाला फासला, "हवा फार छान आहे" असे सांगितले आणि परत निघाले. डबक्याच्या जागी कासव तेवढे उरले.

आजी उठली. धाकट्याला पोटाशी धरले. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा आबाशी बोलली.

"आम्ही झळोलीला चाललो पाण्याला. तुम्हाला थंडी वाजत असेल तर थांबा इथेच."

ती पुढे निघाली. मागोमाग सगळे गाव बोडका डोंगर चढू लागले. आबा पाटीखाली थोडा वेळ उभा राहिला. मग तोही निघाला, सगळ्यांच्या मागे, बरेच अंतर ठेवून. कोणी विचारलेच असते तर तो सहज फिरायला निघाला होता.

हत्तींना खाली झरा लागला होता आणि झळोलीचे तळे काठोकाठ भरले होते. झळोलीकरांनी पाहिले, बाजूला सरकले आणि वाट करून दिली. पिल्लांनी तोंडे पाण्यात खुपसली. आबा दूर उभा. घोंगडी अजून अंगावर होती. ती काढायची कशी, हे त्याला सुचत नव्हते.

ससा त्याच्याजवळ आला. "या आबा. इथे सावलीत बसा."

"बसायचं नाव काढू नकोस," आबा म्हणाला.

तो घोंगडीसकट पाण्यात वाकला आणि पिऊ लागला. सशाने मोजायला सुरुवात केली होती, पण एक्क्याऐंशीच्या पुढे त्याने मोजणे सोडून दिले.

आबाने तोंड वर काढले. मिशांतून पाणी गळत होते.

"आबा," ससा हळूच म्हणाला, "थंडी कशी आहे हो तुमच्याकडे?"

आजी वळून बघू लागली. सगळी तापोली बघू लागली.

आबाने घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"मरणाची," तो म्हणाला, आणि पुन्हा पाण्यात वाकला.

तात्पर्य : मुलांनो, सोसायला शिका. जो सोसतो त्याला काही कमी नाही, असे सरकारी वहीत लिहिले जाते आणि त्याच्या दारात सुंदर पाटी लागते. पाणी शेजारी मिळते. फक्त जाताना घोंगडी न्यायला विसरू नका.