सासूबाईंची रांग

"काहीही झालं तरी जागा सोडायची नाही!" बुटाची नाडी बांधता बांधता शिट्टीसाहेबांनी पुन्हा एकदा बजावलं. "बस आली तरी नाही. मी सांगितलं तरी नाही. घाईगडबडीत मी काय वाट्टेल ते बोलून जातो."

"ते आम्हाला लग्नापासून माहीत आहे," बायको म्हणाली.

शिट्टीसाहेब म्हणजे बाजारापुढच्या बसथांब्यावरचे वाहतूक नियंत्रक. त्यांची शिट्टी जेवतानाही गळ्यातच असे. निम्म्या शहराच्या बस त्या एकाच थांब्यावर येत, आणि येत त्या सगळ्या एकदमच. पुढची भरेपर्यंत मागच्या खोळंबत आणि मग भोंग्यांचा असा गदारोळ उठे की विचारू नका. शेवटी मोठ्या साहेबांनी तंबी दिली, "पाहणीला येतोय. कोंडी दिसली तर तुमची बदली टोकाच्या डेपोत."

टोकाचा डेपो म्हणजे शहर संपल्यावरही बस बराच वेळ चालतच राहते, तिथे. आणि शिट्टीसाहेबांचं घर तर थांब्यासमोरच! दुपारी घरी जेवायचं आणि जेवून गुपचूप एक डुलकी काढायची, या सुखावर त्यांचा फार जीव होता. म्हणून त्यांनी डोकं लढवून एका थांब्याचे तीन केले. लाल, पिवळा, हिरवा असे लांब लांब तीन खांब, आणि प्रत्येक खांबाला वेगळ्या बस. रंगसुद्धा स्वतः दिला. पण लोक आपले जुन्या शेडखालीच घोळका करून उभे. नव्या खांबांचा उपयोग कळला तो फक्त कुत्र्यांना.

मग त्यांना युक्ती सुचली. रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशाची ते मागून विचारतो. तेव्हा पाहणीच्या सकाळी घरचीच माणसं कामाला लावली. लाल खांबाला बायको, हिरव्याला मेहुणा आणि पिवळ्याला सासूबाई.

आणि काय सांगावं! सासूबाई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या नाहीत तोच मागे एक बॅगवाला येऊन उभा राहिला. त्याच्या मागे दोन बायका, मग एक छत्रीवाला. बघता बघता शेड ओस पडली. शिट्टीसाहेबांना आनंदाने काय करावं सुचेना. ते मोठ्या साहेबांची वाट बघायला धावत कोपऱ्यावर गेले.

इकडे पिवळ्या खांबाशी बस आली. दार उघडलं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आजी, चढा की!" बॅगवाला म्हणाला.

"मला नाही जायचं कुठे."

"मग उभ्या कशाला?"

"जावयांनी सांगितलंय."

"बरं, मला तरी जाऊ द्या."

"खबरदार! रांग मोडायची नाही!"

मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. बॅगवाला बाजूने सरकतोय एवढंच दिसलं.

"ए, घुसतोस कुठे? आम्ही काय वेडे आहोत?"

बॅगवाला मुकाट्याने मागे आला. ड्रायव्हरने जरा वाट पाहिली, खांदे उडवले आणि रिकामी बस दामटली. पुढच्या बसचंही तेच झालं. लाल आणि हिरव्या खांबाशीही तेच. घरची माणसं शब्दाला पक्की होती.

कोपऱ्यावरून शिट्टीसाहेब पाहत होते. बस येत होती, थांबत होती, सुटत होती! ना खोळंबा, ना भोंगा! "वा! वा रे पठ्ठे!" त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली. एवढ्यात एक बस अगदी नाकासमोरून गेली आणि आत कंडक्टर आडवा होऊन पेपर वाचताना दिसला. शिट्टीसाहेबांनी वळून खांबांकडे पाहिलं. रांगा पार औषधाच्या दुकानाला वळसा घालून गेल्या होत्या. ते शिट्टी फुंकत पळत सुटले.

"सासूबाई! चढा! ही बस आली, चढा!"

"वा, म्हणजे परीक्षा बघता होय माझी?" सासूबाईंनी खांब आणखी घट्ट धरला.

"अहो, खरंच सांगतोय!"

"सकाळीही खरंच सांगत होता."

त्याच बसमधून मोठे साहेब उतरले. शिट्टीसाहेबांनी शिट्टी तोंडात धरूनच सलाम ठोकला. संपलं! डुलकी गेली, घरचं जेवण गेलं.

"काय हा मोकळा रस्ता!" साहेब ओरडलेच. "मागच्या थांब्यावर चढलो, तो दोन मिनिटांत इथे! इथे एकही बस तुंबलेली नाही! कसं जमवलंत हो?"

"साहेब, आम्हाला बस मिळेना!" बॅगवाला कळवळून म्हणाला.

"पण बस अडकली का कुठे?"

"नाही, पण—"

"झालं तर! कोंडी बसची होती, ती सुटली. माणसांचं खातं माझ्याकडे नाही." त्यांनी शिट्टीसाहेबांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "तुम्ही इथे सडताय! टोकाच्या डेपोत फार वाईट कोंडी आहे. सोमवारपासून तिथे रुजू व्हा. बढती समजा!"

शिट्टीसाहेबांच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली, अगदी बारीक.

"आणि या बाई कोण?" साहेबांनी खांब धरून ताठ उभ्या असलेल्या सासूबाईंकडे कौतुकाने पाहिलं. "काय शिस्त आहे! यांनाही तिकडे न्या."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. जागा मात्र सोडली नाही.

"येईन की," त्या म्हणाल्या. "पण इतक्या लांब रोज जायचं, म्हणजे बसला गर्दी फार नसते ना?"