एडक्याच्या काळजाचे मिनिटाला तीन हजार ठोके

माणसाचं हृदय हा अत्यंत भिडस्त अवयव आहे. घरी, शेतात, बांधावर तो वाटेल तसा वागतो. पण डॉक्टरांनी छातीला तारा चिकटवल्या की हाताची घडी घालून शहाण्यासारखा बसतो. वरकुट्याच्या गोजरबाईंचं हृदय या बाबतीत आदर्शच म्हणायचं. खुरपता खुरपता त्या मधेच कोसळत, थोड्या वेळानं उठत आणि पुन्हा खुरपायला लागत. इंदापूर, बारामती, पुणे, तिन्ही ठिकाणी कार्डिओग्राम निघाला आणि तो इतका सुरेख आला, की एका डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवून घेतला.

"चक्कर येईल तेव्हा या," ते म्हणाले.

"तवा मी भुईवर आसते, सायेब," गोजरबाई म्हणाल्या. वैद्यकशास्त्राकडे याला उत्तर नव्हतं.

उत्तर काढायचं त्यांच्या भाच्यानं, मल्हारनं मनावर घेतलं. मल्हार बारामतीच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. त्याचा हिशेब सरळ होता: आत्ती वेळेवर डॉक्टरांकडे पोचत नसेल, तर यंत्रानंच आत्तीच्या कातडीखाली मुक्काम करावा आणि हृदयानं वेडेपणा केला की जागच्या जागी टिपून ठेवावा. यंत्र लहान हवं, कारण आत्ती अंगानं किरकोळ. वीज नावापुरती खाणारं हवं, कारण सेल बदलायला आत्तीला दर महिन्याला उसवणं बरं दिसलं नसतं. खपून खपून, १९९७ साली, त्यानं आगपेटीपेक्षा लहान यंत्र तयार केलं. घड्याळाच्या सेलवर ते वर्षभर चालणार होतं.

प्राचार्यांनी ते चष्मा काढून पाहिलं, मग लावून पाहिलं.

"एवढंसं? मल्हारराव, फोटोत काय दिसणार?"

"सर, लहान करणं हेच अवघड होतं."

"आणि वीज कमी खातं म्हणता. कॉलेजला नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर झालाय. काटकसर कशाला?"

तरीही प्राचार्य पुरोगामी असल्यामुळे त्यांनी समिती नेमली. यंत्र जेवढं लहान होतं तेवढी समिती मोठी झाली (निसर्ग समतोल राखतोच). सिव्हिलचे दोन प्राध्यापक, वसतिगृहाचे रेक्टर आणि कँटीनवाले अशा तज्ज्ञांनी दोन ठराव केले. एक, यंत्र आधी जनावरात बसवावं. दोन, जनतेला दिसावं म्हणून त्याची दाराएवढी लाकडी प्रतिकृती करावी. दुसऱ्या ठरावाची अंमलबजावणी आधी झाली.

जनावर घरचंच निघालं. आत्तीचे यजमान गेणबा यांच्या दारात पूर्वी मेंढरांचा वाडा असायचा. आता सगळा ऊस, आणि आठवणीपुरता सरदार नावाचा एकच एडका. गुरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन त्याच्या छातीवरच्या कातडीखाली यंत्र बसवलं, आणि ते टिपेल ते दाखवायला बाहेर एक पडदा ठेवला.

"आमच्या घरात पयली नोकरी ह्याला लागली," गेणबा म्हणाले.

काळजाचा सिग्नल म्हणजे मुंगीची कुजबुज. कॉलेजात विजेच्या तारांची गुणगुण तिला गिळून टाकायची. वरकुट्यात दिवसा वीजच नसायची, त्यामुळे मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या पडद्यावर सरदारच्या काळजाची रेषा नितळ उमटली. (भारनियमनानं संशोधनाला लावलेला हा हातभार कुठल्याही सरकारी अहवालात आला नाही, याची खंत वाटते.)

आता आत्तीला यंत्र बसवायचं, तर पुण्याच्या हृदयतज्ज्ञांची संमती हवी होती. प्राचार्यांनी त्यांना समारंभाचं निमंत्रण दिलं. वरकुट्यातच मंडप उभा राहिला, जनरेटर आला, भर दुपारी हॅलोजन लागले. उसाच्या ट्रॉलीतून लाकडी प्रतिकृती आली.

"सर, दिवे, जनरेटर बंद ठेवू. बॅटरीवर स्वच्छ दिसेल," मल्हारनं विनवलं.

"पाहुण्यांपुढं बॅटरी? कॉलेजची काही इज्जत आहे की नाही?"

पडदा जनरेटरला जोडला गेला. त्यावर करवतीच्या दात्यांसारखी जाड, एकसारखी रेषा उमटली. समितीनं लगेच मोजणी केली. प्राचार्य माइकवर आले.

"साधा एडका मिनिटाला फार तर शंभर ठोके देतो. आपल्या कॉलेजचा एडका तीन हजार देतोय."

टाळ्या पडल्या. सरदार घास चघळत उभा होता.

मल्हारनं माइक घेतला. "ही काळजाची रेषा नाही. ही जनरेटरच्या विजेची आहे, सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची."

"संशोधक असा विनम्र असावा," प्राचार्य म्हणाले. पुन्हा टाळ्या, या खेपेला जास्त.

हृदयतज्ज्ञ मात्र बॅग उचलून निघाले. मल्हार माइक परत देऊन त्यांच्यामागे धावला. प्राचार्यांचं भाषण दुसऱ्या अंगाला वळलं, आणि बायकांच्या रांगेत गोजरबाई हळूच कलंडल्या.

डॉक्टर नेमके त्यांच्या शेजारून चालले होते. त्यांनी मनगट धरलं. बराच वेळ काही लागेना. मग नाडी परत आली, तशी ते मल्हारला म्हणाले, "हृदय पूर्ण थांबलं होतं. कार्डिओग्रामात कधी न सापडलेलं दुखणं आता हाताला लागलं."

गोजरबाईंनी डोळे उघडले.

"काय वाटलं, मावशी?"

"कायबी न्हाय. सायेब लई बोलत व्हते, काळजानं वाईच इसावा घेतला."

डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून पुण्याला नेलं. पेसमेकर बसला. त्यानंतर गोजरबाई शेतात एकदाही पडल्या नाहीत.

त्या दुपारी गाडी गेली तेव्हा मंडप रिकामा झाला होता. डिझेल संपून जनरेटर बंद पडला. मल्हारनं पडद्याला बॅटरी जोडली. जीव भांड्यात पडला होता, आणि इतके दिवस खपून केलेलं यंत्र आत्तीला लागलंच नाही याची बारीक कळही होती. ती त्याला स्वतःलाच आवडली नाही. पडद्यावर सरदारची रेषा उमटू लागली.

"ही खरी व्हय?" गेणबांनी विचारलं.

"व्हय, मामा."

"बारीक हाय. पर देखनी हाय."

दोघं पडद्यासमोर उभे राहिले. ती रेषा आणखी कुणी पाहिली नाही.

कॉलेजनं तीन हजारांची रेषा चौकटीत बसवून, खाली 'आमच्या कॉलेजचा एडका: मिनिटाला तीन हजार ठोके' असं लिहून प्रवेशद्वाराशी लावली. पुढच्या जूनमध्ये, वाचकहो, मुलाच्या ॲडमिशनसाठी आपणही तिथं गेला होतात. चौकटीपुढं थांबलात, खालची ओळ मोठ्यानं वाचलीत, आणि मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "बघ, लोकांची मेंढरंसुद्धा कुठल्या कुठं पोचली."