सेल्मरच्या ट्रॅक्टरचे उसने हात

अर्डिसवर कोणी विश्वास ठेवला नाही, ही गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी. नंतर लोक सोयीने विसरतात.

ट्रॅक्टरचं वर ते खाली झालंय आणि खाली ते वर, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अंगणाच्या मधोमध उभं राहून, चर्चच्या घंटेला ऐकू जाईल अशा आवाजात. (हळू बोलायची कला ज्या शाळेत शिकवतात तिथवर अर्डिस पोचलीच नव्हती. चार बुकं झाली आणि घरच्या गाईंनी तिला परत बोलावून घेतलं.)

सुरुवात अगदी किरकोळ होती. बटाटे काढायचं जुनं ओढीचं यंत्र गंजून मेलं. अर्डिसचा नवरा सेल्मर, त्याच्या भावाने, ओबर्टने, आपलं पडून असलेलं यंत्र देऊ केलं. पण ते लिफ्टवर चालणारं. त्याला ट्रॅक्टरच्या मागे तीन हात लागतात, दोन खालून उचलायला आणि एक वरून धरायला. सेल्मरचा ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा. त्या ट्रॅक्टरच्या जन्माच्या वेळी असे हात असतात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. शहाण्या माणसाने शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागितला असता. पण मिनेसोटात शेजाऱ्याकडे काही मागण्यापेक्षा माणूस आपला दात आपणच पक्कडीने उपटतो.

“भंगारात जरा नजर टाकून येतो,” सेल्मर म्हणाला.

नजर टाकायला गेलेला माणूस टेम्पो भरून परत आला. एका ट्रॅक्टरचा डावा हात, दुसऱ्याचा उजवा, वरचा दांडा तिसऱ्याच कुणाचा, आणि हे सगळं उचलायला एका मेलेल्या मळणीयंत्राचा तेलावर चालणारा पंप. डावा हात लांब, उजवा तोकडा. सेल्मरने तोकड्याला तुकडा जोडून वेल्डिंग केलं. भोकं मोठी, पिना बारीक; मग त्या भोकांत बसवायला लोखंडी नळीचे तुकडे हवे झाले. ते कुठून आले हे अर्डिसला दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेल्यावर कळलं. मोरीचा पडदा जमिनीवर लोळत होता.

पण नळीचं दुःख तिने गिळलं, कारण प्रश्न बटाट्यांचा होता. चर्चचं शरदातलं जेवण तोंडावर आलं होतं. त्या जेवणात माशाला कोणी विचारत नाही, लोक येतात ते लेफ्सेसाठी. उकडलेल्या बटाट्याची ती पातळ पोळी अर्डिसच्या शेतातल्या बटाट्यांचीच व्हायची, तिच्या सासूच्या काळापासून. आणि यंदा जेवणाच्या कमिटीवर मर्ना बसली होती. रेडिओवर शनिवारी रात्री जमीन गोठणार असं सांगितल्याबरोबर तिने गोड आवाजात फोन केला, की बटाटे गेले तर जिवाला लावून घेऊ नकोस, हल्ली पाकिटात बटाट्याची भुकटी मिळते.

भुकटी. अर्डिसने फोन असा ठेवला की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

म्हणूनच ती सीटवर चढून स्वतः पंपाचा दांडा ओढून बघत होती. वर ओढला, हात खाली गेले. खाली दाबला, हात वर आले.

“सेल्मर, तेलाचे पाइप उलटे जोडलेस.”

“उलटे नाहीत. सवय व्हायला हवी,” सेल्मर म्हणाला. “वर म्हणजे खाली, एवढं लक्षात ठेवायचं.”

“उद्या मला सांगशील, चूल पेटवायची तर पाणी ओत.”

तिने ओबर्टला सांगितलं. तो खिशात हात घालून ट्रॅक्टरभोवती फिरला आणि म्हणाला, “वेगळंच आहे.” तिने पास्टरना बोलावून दाखवलं. त्यांनीही वाकून पाहिलं आणि म्हणाले, वेगळंच आहे हं. इथल्या माणसाच्या तोंडून याहून वाईट शिवी निघत नाही. पण ती शिवी कामाला होती की अर्डिसच्या तक्रारीला, हे कोणी उघड करेना. सेल्मर मात्र दोन्ही वेळा कानापर्यंत लाल झाला.

शुक्रवारी संध्याकाळी यंत्र जोडून, उचलून, दोन ओंडक्यांवर टेकवून ठेवलं. शनिवारी उजाडता उजाडता अर्डिस ॲप्रन बांधूनच शेडमध्ये शिरली. आता सांगायचं नाही, करून दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं. सगळ्या गावासमोर यंत्र सुरळीत चालेल, मग ती म्हणेल, का रे सेल्मर, कोणी सरळ केलं? पाइपांच्या टोकाला नुसते खटके होते. एक काढला, दुसरा काढला, अदलाबदल करून दाबून बसवले. इंजिन चालू करून बघितलं असतं तर सगळं घर जागं झालं असतं. म्हणून नाही बघितलं.

दहाच्या सुमाराला अर्धं चर्च बांधावर जमलं. मदतीला आलो असं कोणी म्हणालं नाही. सगळे इकडून चाललेच होते, आणि सगळ्यांच्या गाडीत योगायोगाने दातेरी फावडी होती. मर्नाही आली होती, कॉफीची किटली घेऊन.

ओबर्टने ओंडके ओढून काढले. सेल्मर शेतात शिरला, दांडा ऐटीत खाली दाबला आणि पहिल्या ओळीवरून निघाला. ताठ, समोर बघत. चारचौघांसमोर मागे वळून बघणं म्हणजे आपल्याच कामावर शंका घेणं, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. मागे यंत्र बटाट्यांवरून चार बोटं वर तरंगत चाललं होतं, एखाद्या बाईने चिखलात झगा उचलून धरावा तसं.

 पास्टर हळूच म्हणाले, “वेगळंच आहे.”

अर्डिस हळूच मर्नाच्या किटलीमागे सरकली.

ओळ संपली. वळायचं म्हणून सेल्मरने दांडा वर ओढला, आणि यंत्र दात विचकून जमिनीत घुसलं. ट्रॅक्टर गुरगुरला. यंत्र अडकलं, आणखी उचलायला हवं, असं समजून त्याने दांडा आणखी वर ओढला. ते आणखी खोल गेलं. वळणावर अर्डिसचा रुबार्बचा वाफा होता, तो निघाला. मग कपडे वाळत घालायचा खांब निघाला, आणि दोरीवरच्या सेल्मरच्या लांब लाल चड्ड्या वरातीच्या पताकांसारख्या मागून निघाल्या. कुत्रं त्यांच्यामागे. शेवटी गेटच्या सिमेंटच्या पायाशी वेल्डिंगचा उजवा हात वाकला, वरचा दांडा तुटला आणि इंजिन बंद पडलं. इतका सुंदर, सरळ, खोल चर त्या गावात आजवर कोणी काढला नव्हता. त्यात एकही बटाटा नव्हता.

सेल्मर खाली उतरला. चड्ड्यांकडे पाहिलं, पाइपांकडे पाहिलं.

“असं कसं होईल,” तो म्हणाला. “काल जेवण झाल्यावर मीच बदलले की पाइप. दोघं दोघं वेगळंच म्हणाले, मग काय करणार.”

“मग मला सांगायला जीभ झडली होती का तुझी?” अर्डिस कडाडली.

“तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी म्हटलं नव्हतं का.”

हे इतकं खरं होतं की ती ॲप्रनला हात पुसायला लागली. तेवढ्यात ओबर्टने मान वाकडी केली.

“वहिनी, ॲप्रनला तेल कसलं?”

“डोनट तळले सकाळी.”

“काळ्या तेलात?”

 अर्डिसने पास्टरांच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि पहिल्या ओळीत वाकली. जमीन गोठायला आता फक्त उरलेला दिवस होता. मग सेल्मर वाकला, ओबर्ट वाकला, आणि इकडून चाललेले सगळेच वाकले. दुपारपर्यंत कोणीतरी गाणं धरलं. मर्ना कॉफी ओतता ओतता कधी गुडघ्यावर बसून माती चाळायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि सर्वांत मोठा बटाटा तिलाच सापडला म्हणून ती शाळकरी पोरीसारखी हसली. अर्डिसने तिच्याकडे असं बघितलं की जणू तो बटाटा तिने आत्ताच चोरलाय. पण मग तीही हसली. सूर्य बुडायच्या आत शेवटचं पोतं तळघरात गेलं. त्या रात्री जमीन गोठली, आणि तिच्यात गोठायला काही उरलं नव्हतं.

चर्चच्या जेवणाला अशी गर्दी कधी झाली नव्हती. लेफ्से इतक्या पातळ झाल्या होत्या की आरपार पास्टर दिसत. अर्डिस पहिल्या बाकावर नव्या ॲप्रनमध्ये बसली होती, कौतुक ऐकायच्या तयारीत. पास्टर उठले. त्यांनी देवाचे आभार मानले, पावसाचे मानले, फावडी आणणाऱ्यांचे मानले. मग घसा साफ केला आणि म्हणाले की आपला सगळा गाव एका शेतात, एका दिवशी, गुडघ्यावर आला असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. प्रवचनं देऊन मलाही ते जमलं नाही. सेल्मरचं यंत्र नीट चाललं असतं तर यंदाही ते घडलं नसतं. तेव्हा ते नीट चालू न देणाऱ्या व्यक्तीने कृपया उभं राहावं.

कोणी हललं नाही. सेल्मर छताकडे बघत होता. ओबर्ट लेफ्सेकडे.

“संकोच नको,” पास्टर प्रेमाने म्हणाले. “ऊठ, अर्डिस.”