साखरेची गोळी

सरावलीतल्या नागोराव सरांच्या दारावरची पाटी कित्येक वर्षं एका अंगाला कलंडल्यासारखी दिसायची. खिळे ठीक होते. नावाआधी मोकळी जागा सोडलेली होती. पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्याच आठवड्यात सरांनी पाटी रंगवून घेतली होती आणि 'डॉ.' पुरती जागा ठेव, असं पेंटरला बजावलं होतं. पुढे गाईड निवृत्त झाले, विषय शिळा झाला, सरांचा उत्साहही मावळला. जागा तेवढी राहिली.

अशा माणसाला एके दिवशी स्टाफरूममध्ये ऐकावं लागलं, की वैभवी मॅडम गणिताच्या अध्यापनावर पीएच.डी. करताहेत. किनाऱ्यावरच्या मासेमार घरातली, कालपरवा शाळेत लागलेली ही पोरगी, आणि हिच्या नावाआधी 'डॉ.' लागणार! सरांच्या पोटात दुखू लागलं. तोंडाने ते अभिनंदन म्हणाले, पण चहा तसाच निवून गेला.

त्यात तिला मदतही सरांचीच हवी होती. सातवी 'अ'ला ती कागदाच्या पट्ट्या कापून, घड्या घालून अपूर्णांक शिकवणार होती. 'ब'ला सर शिकवत. शेवटी दोन्ही वर्गांची एकच चाचणी घ्यायची आणि नवी पद्धत किती सरस ठरते ते पाहायचं.

"तुमी काय वेगळं करायचं नाय, सर," ती अदबीने म्हणाली. "नेहमी शिकवता तसंच शिकवा. फक्त तुलनेला पाहिजे."

ते 'फक्त' सरांना झोंबलं. मुख्याध्यापक कमलाकांत सरांनी त्यावर मीठ चोळलं. त्यांचा भाऊ औषधाच्या कारखान्यात होता, त्यामुळे त्यांना दाखले तिकडचेच सुचत. "औषधाची चाचणी घेतात ना, नागोराव, तेव्हा काहींना खरी गोळी देतात आणि काहींना नुसती साखरेची. तुम्ही आपले साखरेची." सगळे हसले. सरही हसले, आणि हसता हसताच त्यांनी ठरवलं, की ही गोळी आता गुण दाखवणार.

दुसऱ्या दिवसापासून 'अ'च्या खिडकीपाशी आलं की सरांच्या बुटाची नाडी सुटू लागली. वाकल्यावर आतलं सगळं ऐकू येई. पोरं पट्ट्या कापत होती. पट्ट्याच ना? सरांच्या घरी त्याहून भारी वस्तू होती. पत्नी रंभाबाईंची ज्वारीची भाकरी, परभणीहून आणलेल्या पिठाची, कंपासने काढल्यासारखी गोल.

"अहो, शाळेत इतक्या भाकरी कोण खायलंय?" रंभाबाईंनी विचारलं.

"खायला नाहीत, शिकवायला."

शिकवूनही झाल्या आणि खाऊनही झाल्या. ज्याचं उत्तर बरोबर, त्याला उत्तराएवढा तुकडा. मग चुकायला कोणी तयार होईना. भाकरीमागून ठेचा आला. आईबाप कारखान्यात सकाळच्या पाळीला गेल्यावर बिस्किटावर शाळेत येणारी पोरं 'ब'मध्ये वेळेआधी हजर राहू लागली. 'अ'ची पोरं दारात घुटमळायची, त्यांना सर हाकलून लावत. शत्रूला रसद कोण पुरवतो? पुढे रविवारीही तास सुरू झाले. वर्षानुवर्षं फळ्यावर सूत्र लिहून घंटेची वाट पाहणारे सर आता पोरांना 'असं का?' म्हणून विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबतही. रंभाबाईंचे हात भाकरी थापून थापून भरून आले. एवढी मेहनत पीएच.डी.साठी घेतली असती तर, असं त्या म्हणायला गेल्या. पण सरांची नजर पाटीकडे वळलेली पाहून त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली.

चाचणी झाली. 'ब'ने 'अ'ला धूळ चारली. सरांनी पेढे आणले आणि पुतण्याला नोकरी लागली म्हणून सांगितलं. वैभवी मॅडमनी पेढा नुसता हातात धरला. सगळं फुकट गेलं, गाईडना आता काय तोंड दाखवू, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. सरांना वाईट वाटलं, अगदी खरोखर वाटलं. पण मनात उकळ्याही फुटत होत्या, आणि उकळ्या जास्त होत्या.

गाईडनी मात्र तिला एकच विचारलं: साखरेची गोळी लागू पडली, तर त्या साखरेत होतं तरी काय? ती थेट सरांच्या घरी आली आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून म्हणाली, "सर, तुमी एवढं केलं तरी काय, मला सगळं सांगा ना." हा प्रश्न नागोराव सरांना उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता. ते बोलत सुटले. खिडकी, नाडी, भाकरी, ठेचा, रविवार, सगळं सांगून झालं. साखरेच्या गोळीचं बोलणं जिव्हारी लागलं, हेही ओघात सांगून गेले.

काही महिन्यांनी ती नव्याने लिहिलेलं प्रकरण घेऊन आली. त्यात पानोपानी एक 'शिक्षक ब' होता. कल्पक, हाडाचा शिक्षक, विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारा. सर वाचता वाचता फुलत गेले. नियमाप्रमाणे नाव गुप्त ठेवायचं, पण त्यांनी लेखी परवानगी दिली तर छापता येईल, असं ती म्हणाली. सरांनी पेनचं टोपण काढलं.

"शेवटचं वाचलं का?" रंभाबाईंनी मागून वाकून विचारलं.

शेवटी लिहिलं होतं, की शिक्षक ब यांच्यातल्या या बदलाचं मूळ कारण सहकाऱ्याविषयी वाटणारा तीव्र मत्सर हे होय.

"मत्सर? मला? आणि कोणाचा?" सर कडाडले.

"मग ते वाक्य काढते, सर," वैभवी खाली मान घालून म्हणाली. "पण ते काढलं तर हे प्रकरण उरत नाय. प्रबंधपण नाय."

सरांनी नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती, तरी तिचं 'डॉ.' तिथेच अडलं असतं. तो मोह त्यांना झाला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पण मत्सर काढला तर त्याबरोबर हाडाचा शिक्षकही जात होता. सरांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं आणि पेनला टोपण लावलं. "राहू दे," ते म्हणाले. "नाव तेवढं छापू नकोस."

वैभवी मॅडम डॉक्टर झाली आणि पेढे घेऊन सगळ्यांत आधी सरावलीला सरांकडे आली. दारात तिची पावलं थबकली. पाटीवरच्या रिकाम्या जागेत ताज्या रंगाने 'ब.' लिहिलं होतं. शेजाऱ्यांना सर ते वडिलांच्या नावाचं आद्याक्षर म्हणून सांगत. सासऱ्यांचं नाव माणिकराव होतं, हे रंभाबाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी पेढा घेतला, खाल्ला आणि आणखी एक उचलला. वैभवीने पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"आता सरळ दिसते, सर," ती म्हणाली.