जिव्याच्या भिंतीवरची राजवट

पंकज गुरुजी चुन्याची बादली आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन आले तेव्हा जिव्या आपल्याच दारात आडवा बसला होता. हातात कोळसा होता. दाराच्या डाव्या बाजूला त्याने भिंतीवर एक उभी रेघ ओढून ठेवली होती.

"गुरुजी, रेघेच्या अलीकडं काय ते लिवा. पलीकडं थेंब पडला नाय पायजे."

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर सव्वीस घरं. गुरुजींनी प्रत्येक घराच्या भिंतीवर एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य लिहायचं ठरवलं होतं. ए पासून झेड पर्यंत. गुरुवारी मोखाड्याहून शिक्षण खात्याच्या मॅडम पाहायला येणार होत्या. पंचवीस भिंती झाल्या होत्या. जिव्याची तेवढी राहिली होती, कारण रेघेच्या पलीकडे दोन हात रुंद जागेवर त्याच्या बायकोचं, गौराचं सारवण होतं. शेणामातीत उठलेल्या बोटांच्या लाटा. दिवाळीतल्या वाघबारसीच्या आधी ते सारवण झालं आणि पौषात गौरा गेली. तेव्हापासून जिव्याने भिंतीला कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"एवढ्यात बसवतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी चुन्याचा चौकोन काढला आणि त्यावर काळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत आर, ई, आय, जी, एन अशी पाच अक्षरं काढली. "रेन. राजवट, राज्य करणे." खाली वाक्य लिहिलं, 'राजा राज्य करतो.'

शेजारच्या गोजाबाई हंडा घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांच्या भिंतीवर क्यू चा शब्द आला होता, आणि त्याचा अर्थ होता भांडण.

"याला राज्य नि मला भांडण? गुरुजी, आत्ताच्या आत्ता अदलाबदल करा. मी कधी कुणाशी भांडले का? सांगा, कुणाशी भांडले? बोला ना."

गुरुजी ब्रश धुऊ लागले. गोजाबाई पुढे गेल्या आणि दुपारपर्यंत बातमी बोअरिंगवर पोहोचली. जिव्या पाण्याला गेला तर बाया बाजूला सरल्या.

"महाराजांना आधी भरू द्या गं."

"मुकुट घरी ठेवला का, महाराज?"

जिव्या रिकामा हंडा घेऊन तसाच शाळेत गेला. "गुरुजी, वाक्य बदला. कुठला राजा राज्य करतो? जव्हारचं राज्य माझ्या जन्माआधी गेलं. पोरांना खोटं कशाला शिकवता?"

गुरुजी परत आले. वाक्यावर चुना फिरवला आणि लिहिलं, 'राजाने तीस वर्षे राज्य केले.'

"कुठल्या राजाने? तीसच कशावरून?"

"उदाहरण आहे हो बाबा."

"उदाहरण झालं तरी खरं पायजे."

पुन्हा चुना. प्रत्येक वेळी पांढरा चौकोन थोडा वाढत होता आणि रेघेजवळ सरकत होता. गुरुजींनी घाम पुसला. "हे बघा, याला राजा लागतोच असं नाही. इंग्रजीत अंधार राज्य करतो, शांतता राज्य करते, असंही म्हणतात. हे लिहितो. 'घरात शांतता राज्य करते.' यात खोटं काही नाही."

जिव्याने उघड्या दारातून आत पाहिलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "पण लिवू नका. मला रोज आत जाताना वाचाया लागल."

गुरुजींनी ब्रश खाली ठेवला. "मग तुम्हीच सांगा."

"लिवा, गौरा राज्य करते."

"केले, असं लिहितो. म्हणजे काय आहे, राजा गेला की त्याची राजवट संपते. डिक्शनरीत तसंच आहे."

"मग डिक्शनरी लिवणाऱ्याची बायको जिती असंल," जिव्या म्हणाला. "माझ्या घरात कोयता तिनं सांगितल्या खुंटीला लागतो. राख तिनं सांगितल्या खड्ड्यात जाते. मी बिडी अजून बाहेर ओढतो. संपली कुठं?"

"बाबा, अर्थ मी बदलू शकत नाही."

"मग मी भिंत देत नाय."

असं म्हणून तो ताडकन उठला आणि त्याचा पाय बादलीला लागला. बादली भिंतीवर आपटली. चुना रेघ ओलांडून सारवणावर उडाला. जिव्याने खांद्यावरचा टॉवेल ओढून पुसायला घेतलं. जेवढं पुसलं तेवढ्या बोटांच्या लाटा मोडत गेल्या. मग तो पुसायचा थांबला आणि टॉवेल हातात धरून उभा राहिला.

गोजाबाई पाहत होत्या. त्या घरात गेल्या आणि शेणामातीचं घमेलं घेऊन आल्या. जिव्याला कोपराने बाजूला सारलं, चुना खरवडला आणि हात फिरवायला सुरुवात केली. एक लाट, दुसरी लाट. हुबेहूब तीच, तेवढीच वाकडी.

जिव्या जवळ गेला. लाटेला बोट लावून पाहिलं. "तुला तिचा हात कसा येतो?"

"तिचा कुठला? माझाच हाय तो."

"काय बोलतेस?"

"तापानं उठवत नव्हतं तिला. इथं वट्यावर बसून मला सांगत होती, वर दाब, खाली सोड, बोटं मोडलीत का गं तुझी. तीन वेळा पुसाया लावलं."

"मला बोलली का नायस?"

"तिनं सांगितलं, जिव्याला कळू द्यायचं नाय. मी उठत नाय हे कळलं तर तो जेवायचा नाय."

जिव्या ओट्यावर बसला. चार महिने त्याने राखलं होतं ते गोजाबाईंच्या हाताचं काम होतं. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा गोजाबाईंच्या शेणाने भरलेल्या हातांकडे. मग गुरुजींकडे वळला.

"ऐकलं ना? लिवा आता. करते."

गुरुजींनी काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि लिहिलं, 'गौरा राज्य करते.'

गुरुवारी मॅडम आल्या. सगळ्या भिंती पाहत पाहत जिव्याच्या दारापाशी थांबल्या. वाक्य वाचलं.

"छान. गावातलंच उदाहरण घेतलंय. या गौराबाई कोण? बचत गटाच्या अध्यक्ष का? मला भेटायचंय त्यांना."

गुरुजी खाली पाहू लागले. जिव्याने सारवणावर हात टेकला.

"भेटायच्या नायत मॅडम," गोजाबाई पुढे होऊन म्हणाल्या. "ती कामं सांगून गेलीय. आम्ही करतोय."