आडनाव सांगा, मग बसा

आमच्या शहापूरच्या कचेरीत पाय ठेवणाऱ्याला साहेबांच्या आधी दगडूदादा गाठायचा. दगडूदादा म्हणजे आमचा शिपाई. त्याचं स्टूल दारातच. "आडनाव सांगा, मग बसा," हे त्याचं स्वागत. नवे साहेब रुजू व्हायला आले, त्यांनाही त्यानं आडनाव वदवून घेतल्याशिवाय आत सोडलं नाही. एकदा राँग नंबर लागला, तर पलीकडच्याचं आडनाव, आजोळचं आडनाव, सासुरवाडीचं आडनाव विचारून मगच त्यानं फोन ठेवला. कुणी ट्रकवाला रस्ता विचारू लागला की आधी आडनाव, मग कसारा घाट.

लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. मी बौद्ध घरातला, कांबळे. ही नव्वदनंतरची गोष्ट असली, तरी आडनाव विचारणाऱ्याला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं, हे आम्हाला लहानपणीच कळलेलं असतं. रुजू झालो त्या दिवशी मी ताठ मानेनं "कांबळे" म्हणालो. दगडूदादा "नाय" एवढंच बोलला आणि तोंड फिरवून बसला. माझी कानशिलं तापली. त्याच्या हातचा चहा मी त्या दिवसापासून बंद केला.

पुढे मात्र एक गंमत लक्षात आली. आडनाव विचारणारे लोक उत्तर मिळालं की खुलतात, नाहीतर आखडतात. हा गडी कुणाचंही आडनाव ऐकून हिरमुसायचा. पाटील असो, देशमुख असो, "नाय" म्हणायचा आणि स्टुलावर जाऊन बसायचा. शेवटी एकदा मी त्याला बाजूला घेऊन खडसावलंच. तेव्हा कळलं. दगडूदादा आंबवणे. त्यांचं गाव धरणात गेलं, भाऊबंद पांगले, आणि हा मुरबाडकडे बायकोच्या गावी येऊन राहिला. एकुलती एक मुलगी, रंजना. तिच्या लग्नात कानपिळीला, म्हणजे नवरदेवाचा कान पिळायला, मुलीचा भाऊ लागतो. तो भाऊ आंबवणेच हवा, असा याचा हट्ट. बायकोचे भाचे हौसेनं तयार होते, पण "तुमचं आडनाव येगळं" म्हणून त्यानं त्यांना परतवून लावलं होतं. त्या दुपारी मी त्याचा चहा पुन्हा घेतला.

रंजनाचं लग्न ठरलं आणि कसाऱ्याला एक आंबवणे सापडला. दगडूदादानं कचेरीभर पेढे वाटले.

लग्नाच्या दिवशी तो पोरगा आलाच नाही. विधी कानपिळीपर्यंत आले. भटजींनी मुलीच्या भावाला पुकारलं, मग पुन्हा पुकारलं. दगडूदादा रस्त्याकडे बघत उभा. रुसलेले भाचे मांडवाबाहेर हाताची घडी घालून. वरपक्षात कुजबुज सुरू झाली. नवरदेवाच्या चुलत्यानं तर पोरीच्या मागं कुणी माणूस नाही काय, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. रंजनाचे डोळे भरून आले. मला ते बघवेना.

तेवढ्यात दगडूदादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एरवी तो मला भाऊसाहेब म्हणायचा.

"तू चल रे."

मी हळूच म्हटलं, "दादा, मी कांबळे आहे."

"ठावं हाय मला. चल."

मी उठलो. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं, आणि बघतही होता. चुलता आडवा आला. "पाव्हणं, आडनाव काय तुमचं?"

काहीतरी दुसरंच सांगून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. मग मी मोठ्यानं सांगितलं, "कांबळे." चुलत्यानं दगडूदादाकडे पाहिलं.

"ऐकलंत ना?" दगडूदादा म्हणाला. "आता बाजूला व्हा. माझ्या पोरीचा भाऊ हाय तो."

चुलता जागचा हलेना. शेवटी नवरदेवच पुढे झाला, मुंडावळ्या सावरल्या आणि त्यानं कान माझ्याकडे केला. मागून दगडूदादाचा आवाज आला. "नीट पीळ. भाऊ हाय तिला, कळू दे त्यांना."

मी असा पिळला की नवरदेव कळवळला. रंजनानं शेल्याच्या टोकानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, जेवल्याशिवाय जाव नको हां."